वजन घेऊन या

“नरसिंग, तुमचं वजन फारच कमी आहे,” साहेब हातातल्या कागदावरून नजर न काढता म्हणाले. “उद्या चाचणीला येताना थोडं वजन घेऊन या. म्हणजे दोघांना सारखं होईल.”

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि या नव्या साहेबांच्या जीपला ड्रायव्हर हवा होता, कायमचा. उमेदवार दोनच उरले होते, नरसिंग आणि व्यंकटी. दहा वर्षं तो रोजंदारीवर दुसऱ्यांचे ट्रक हाकत होता. यंदा पावसाने तोंड फिरवलं, भुसार माल आटला आणि ट्रक उभे राहिले. ही नोकरी हुकली तर बायकोला घेऊन गाव सोडायचं, एवढंच उरलं होतं.

थोड्या वेळापूर्वी सगळं बरं चाललं होतं. साहेब पुण्याकडचे, गाड्यांचे भलतेच शौकीन. टेबलाच्या काचेखाली शर्यतीच्या दोन गाड्यांची चित्रं होती. लाल गाडी तीनशे घोड्यांच्या ताकदीची, हिरवी दोनशेंची. कोणती पुढे जाईल, असं त्यांनी दोघांना विचारलं. व्यंकटी म्हणाला, लाल. नरसिंग म्हणाला, “बोजा किती हाय ते कळल्याबिगर कसं सांगू, साहेब?” हिरवीचा बोजा लालपेक्षा निम्मा आहे, असं साहेबांनी सांगितलं. “मंग हिरवी,” नरसिंग म्हणाला. साहेब खूश होऊन हसले होते. आणि आता हे.

बाहेर शिपाई शंकरप्पाने त्याला गाठलं. “साहेब तर उघडंच बोलायलेत की! वजन म्हंजी मोठा माणूस घिऊन ये म्हणतेत. व्यंकटीचा मामा पंचायत समितीत हाय. तुझं कोण हाय?”

नरसिंगचं कोणी नव्हतं.

घरी त्याची बायको सिंधू म्हणाली, “तुमाला वजनाचं लई कळतंय म्हणून साहेब खूश झाले व्हते न्हवं?”

“गाडीचं वजन येगळं, माणसाचं येगळं,” नरसिंग म्हणाला.

गावात वजनदार माणूस एकच, किशनराव. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर नाव लावावं म्हणून नरसिंगचे वडील त्यांच्या ओट्याखाली सकाळपासून दुपारपर्यंत उभे राहिले होते. नाव लागलं नाही. त्या दिवशी बापाचं उतरलेलं तोंड पाहून नरसिंगने ठरवलं होतं, या ओट्याखाली आपण कधी उभं राहायचं नाही. आज संध्याकाळी मात्र तो उभा राहिला. किशनरावांनी चहा संपवला, पान लावलं, मग विचारलं, “काय रे नरश्या?”

“मालक, उद्या लातूरला माझ्यासंगं येता का?”

कारण ऐकून किशनरावांना बरं वाटलं. नव्या जिल्ह्यात अजून त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

सकाळी ते धुवट धोतर, कोट आणि पटका घालून चाचणीसाठी ठरलेल्या टेकडीच्या पायथ्याशी हजर झाले. जीप एकच होती. दोघांनी ती पाळीपाळीने चढावर न्यायची, साहेब घड्याळ लावणार. व्यंकटी गेला. चार मिनिटं अकरा सेकंद.

“हे कोण?” साहेबांनी किशनरावांकडे बघत विचारलं.

नरसिंगने मान खाली घातली. “वजन आणलंय, साहेब.”

साहेब काहीतरी बोलणार होते, पण तोवर किशनराव जीपमध्ये चढले होते आणि जीप एका अंगाला कलली होती. साहेबांनी क्षणभर विचार केला. “चालेल,” ते म्हणाले.

नरसिंगने जीव ओतून गाडी हाकली. गिअर कुठे टाकायचा, वळणाला किती सोडायचं, हे त्याच्या हातापायांना ठाऊक होतं. पण चढ संपता संपेना. इंजिन धापा टाकत होतं आणि किशनराव प्रत्येक वळणाला त्याच्या अंगावर येत होते. चार मिनिटं एकोणीस सेकंद. आठ सेकंदांनी नोकरी गेली. त्या ओट्याखाली उभं राहूनही गेली, याचं त्याला जास्त वाईट वाटलं. त्याचे डोळे भरून आले.

साहेब मात्र सगळ्यांना घेऊन जवळच्या डाळ मिलवर गेले आणि किशनरावांना पोत्यांच्या काट्यावर उभं राहायची विनंती केली. मोठ्या माणसांची गुळाने नाहीतर पेढ्यांनी तुला करतात, हे किशनरावांनी पाहिलं होतं. नव्या जिल्ह्याने आपली कदर केली, असं समजून ते काट्यावर छाती काढून उभे राहिले आणि हार कुठे दिसतो का ते पाहू लागले. हमालाने आकडा सांगितला. साहेबांनी कागदावर आकडेमोड केली आणि नरसिंगला बाजूला घेतलं.

“अहो, तुम्ही बावन्न किलोचे, व्यंकटी ऐंशीचा. हलक्या माणसाची गाडी आपोआप पळते, म्हणून मी वजन आणायला सांगितलं. अठ्ठावीस किलो वाळू पुरे होती. एवढा बोजा घेऊन तुम्ही पंधरा-सोळा सेकंद तरी मागे पडायला हवे होतात. आठच पडलात. तुमच्या हातात गाडी चांगली आहे. सोमवारपासून या.”

अठ्ठावीस किलो वाळू. मांजरा नदी कोरडीठाक पडली होती. वाळूसाठी कुणाच्याही दारात उभं राहावं लागत नव्हतं. नरसिंगला आधी हसू आलं, मग बापाची आठवण झाली.

किशनराव हाराची वाट पाहून कंटाळले आणि काट्यावरून खाली उतरले. नोकरी लागल्याचं तिथेच उभ्या शंकरप्पाने ऐकून त्यांना सांगितलंच होतं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “बघ नरश्या, शेवटी आमचंच वजन कामाला आलं का न्हाई?”

नरसिंगने पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

“हाव, किशनराव,” तो म्हणाला. “एकशे चार किलो.”