सत्ताविसावं नाव

"पुन्हा तोच कागद?" फेलिक्सने चष्मा कपाळावर चढवला. "ओनोरीन, अगं गेल्या वर्षीही हाच आणला होतास."

"गेल्या वर्षी त्यावर मंत्रालयाचा शिक्का नव्हता. आता आहे."

मेयर फेलिक्स व्हेसियेर आणि ओनोरीन एकाच शाळेत शिकलेले. त्यामुळे त्याला तिला दारातून परत पाठवता येत नव्हतं, आणि आत बसवून तो काही देतही नव्हता. फ्रान्समधल्या मोंब्रेझाकच्या चौकात पहिल्या महायुद्धात पडलेल्यांचा दगड आहे. त्यावर सव्वीस नावं आहेत. सत्ताविसावं, ओनोरीनच्या आजोबांचं, नाही. सतरा सालच्या वसंतात आन्सेल्म काल्मेल रजा संपवून रोदेझच्या स्टेशनावर गेले, पण पलटणीत पोचलेच नाहीत, असं सरकारी दप्तर सांगत होतं. पुढे एकच शब्द होता: फरारी.

रोझाली, म्हणजे आजी, चोविसाव्या वर्षी एकटी पडली. तिने दुसरं लग्न केलं नाही. मेंढरं राखली, चीज केलं, मुलीला वाढवलं आणि पुढे त्या मुलीच्या मुलीला, ओनोरीनलाही. आजोबांचा विषय निघाला की ती "धारा काढायच्यात" म्हणून उठून जायची. एवढं दुःख जिने सत्तरहून अधिक वर्षं गिळलं, तिच्यासाठी निदान चार अक्षरं दगडावर असावीत, असं ओनोरीनने आजीच्या दफनाच्या दिवशी ठरवलं. त्याला आता अकरा वर्षं होत आली होती.

अकरा वर्षांत तिला सगळी दारं पाठ झाली. सैन्याचं दप्तर म्हणे, मृत्यूचा दाखला आणा. दाखला देणारे म्हणत, सैन्याचं पत्र आणा. एका कारकुनाने फाइल हरवली, दुसऱ्याला सापडली, पण ती भलत्याच काल्मेलची निघाली. उत्तरं यायची ती सहा-सहा महिन्यांनी, आणि शेवटी नेहमी तेच वाक्य: आपल्या भावनांचा आम्ही आदर करतो. ते वाक्य वाचलं की तिला कागद चुलीत घालावासा वाटे. पण ती तो नीट घडी करून ठेवी.

गावातही गोडी नव्हती. पावाच्या दुकानात ती शिरली की बायका हवापाण्याचं बोलू लागत. कॅफेतला म्हातारा बाप्तिस्त तर तोंडावरच म्हणाला होता, की तुझा आजा स्पेनात संत्री विकत बसला असेल. त्यानंतर तिने त्या कॅफेत पाऊल टाकलं नाही.

आता फेलिक्सपुढचा कागद त्या उत्तरांहून वेगळा होता. पलटणीच्या रोजनिशीतली ती एक ओळ होती, तोफांच्या माऱ्यानंतर लिहिलेली: काल्मेल, बेपत्ता.

"यात पहिलं नाव कुठाय?" फेलिक्स म्हणाला. "आपल्या डोंगरात काल्मेल मेंढरांइतके आहेत."

"मंत्रालयाला पुरलं. तुला का पुरत नाही?"

"त्या दगडावर माझ्या आजोबांचे दोन भाऊ आहेत. ते पळाले नव्हते."

"आणि दगड बसवला तेव्हा मेयर कोण होता? तुझाच आजोबा. त्यानेच माझ्या आजोबांना गाळलं. ऐंशी वर्षं झाली, आता तू तरी पुरे कर."

फेलिक्सने शिक्का उजेडात धरून पाहिला. मग त्याने सही केली आणि कागद तिच्याकडे न बघताच सरकवला.

अकरा नोव्हेंबरला, युद्धविरामाच्या दिवशी, सगळा गाव चौकात आला. थंडी हाडात शिरत होती. फेलिक्सने सव्वीस नावं वाचली, प्रत्येक नावाला लोक म्हणाले, "देशासाठी पडला." मग तो थांबला. आन्सेल्म काल्मेल, त्याने वाचलं. लोकांचा आवाज क्षणभर उशिरा आला, पण आला. बाप्तिस्तनेही टोपी काढली होती. ओनोरीनला रडू येईल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. कुणीतरी पाठीवरचं ओझं उतरवून घ्यावं, तसं झालं.

नंतर मेयरच्या कचेरीत वाइन होती. तिथे एक चाळिशीची अनोळखी बाई तिच्याजवळ आली. मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये तिने नाव सांगितलं: आमालिया काल्मेल. ती आर्जेंटिनातल्या पिगुएहून आली होती. या डोंगरातले लोक शंभरेक वर्षांपूर्वी तिकडे जाऊन वसलेले. रोदेझचं वर्तमानपत्र त्यांच्या मंडळात अजून येतं, त्यात तिने या समारंभाची बातमी वाचली होती.

"माझ्या आजोबांचंही हेच नाव होतं," ती म्हणाली. "गाव हेच. मला वाटलं, कुणी चुलतभाऊ असेल."

"कधी गेले ते?" ओनोरीनने विचारलं.

"एकोणीसशे अठ्ठावन्न साली. झोपेतच."

ओनोरीनने ग्लास खाली ठेवला. त्या नावाची माणसं मेंढरांइतकी आहेत, ती म्हणाली. हेच वाक्य ऐकून महिन्यापूर्वी ती भडकली होती.

आमालियाने पिशवीतून जुन्या पत्रांचा गठ्ठा काढला. आजोबांनी ती मरेपर्यंत जपली, पण घरात कुणाला फ्रेंच वाचता येत नाही, म्हणून वाचून दाखवाल का, असं तिने विचारलं. ओनोरीनने वरचंच पत्र उघडलं. डावीकडे कललेलं ते अक्षर ती जन्मभर आजीच्या चीजच्या चिठ्ठ्यांवर बघत आली होती. तारीख एकवीस सालची होती. तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली, आणि दुसऱ्या ओळीवर ती थांबली. पुढचं तिने मनातच वाचलं.

"पुढच्या महिन्यात चौकात दगड बसवणार आहेत. व्हेसियेर मेयर स्वतः घरी आले होते. म्हणाले, सरकार काही म्हणो, आम्ही आन्सेल्मचं नाव घालणारच. मी त्यांच्या पाया पडून नको म्हटलं, का ते सांगितलं नाही. जित्या माणसाचं नाव असल्या दगडावर मी कोरू देणार नाही."