पोट्ट्याची बाहुली

लांजीच्या बाजारातून आणलेल्या बाहुलीचा झगा पाच वर्षांचा अनय बदलत बसला होता. हेमराजनं ती लेकाच्या हातातून हिसकावली आणि सरळ नालीत भिरकावली. "पोट्टा होऊन बाहुली खेळून राह्यला? मोहल्ल्यात नाक कापशीन माझं."

पौर्णिमानं ती बाहेर काढली, तेव्हा तिला नालीपेक्षा नवऱ्याचीच जास्त किळस आली. त्याच्या काचेच्या कपाटातल्या प्लास्टिकच्या सैनिकांना ती एकदा बाहुले म्हणाली होती, तर "ॲक्शन फिगर म्हणाचं" म्हणत त्यानं आठवडाभर अबोला धरला होता.

हात धुऊन ती आत आली. हेमराज एका फूटभर उंचीच्या उघड्यानागड्या सैनिकाला मांडीवर घेऊन बसला होता.



"याची पँट वाळली काय वं? इस्त्री करून दे."