फायबरचं थिगळ

सोमेशनं नखानं टोकरलं आणि थिगळ सालीसारखं निघून हातात आलं. होडीच्या बुडाला आतून मारलेलं, काचेच्या तंतूंची मॅट रेझिनमध्ये भिजवून बसवलेलं, घासून गुळगुळीत केलेलं थिगळ. हे तिसरं. आणि खाली, आधीच्या दोन्ही वेळांसारखीच, ओल.

"मल्हार!" तो ओरडला.

धाकटा भाऊ काठावर जाळं सांधत बसला होता. उठून आला, थिगळ बघितलं आणि मान खाली घातली. त्याची ही मान खाली घालायची खोड सोमेशला मुळीच सोसायची नाही.

ही जुनी फायबरची होडी दोघांनी मिळून घेतली होती. बुडाला हातभर चीर होती, म्हणून तर परवडली. सोमेश आठवडाभर सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर असायचा. शेजारच्या शेडमध्ये शरणप्पा पाण्याच्या टाक्या बनवायचा, त्याच्याकडून तो हे काम शिकला. सुट्टीला करमाळ्याची एसटी धरून गावी यायचा, उजनीच्या काठावरच्या होडीला थिगळ मारायचा आणि परत जायचा. होडी पाण्यात गेली की मागाला कायमचा रामराम. दोघं भाऊ एका होडीत. एवढंच हवं होतं त्याला, आणि त्यात काही वावगं नव्हतं.

शरणप्पानं एकच गोष्ट बजावली होती. आठवडाभर पाण्याचा थेंब लागता कामा नये, फायबरच्या पोटात ओल राहिली की थिगळ धरत नाही. राखणीला मल्हार होता, म्हणून सोमेशनं ते त्याला पुन्हा पुन्हा ऐकवलं होतं.

"चोरून पाण्यात नेतुयास तू हिला. व्हय का न्हाय?"

"न्हाय, दादा."

"मग ओल कुटनं आली? आभाळातनं पडली?"

 मल्हारनं एकदा घराकडं बघितलं, बस. सोमेशच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काठावरचे चार लोक बघत असताना त्यानं लग्नाच्या वयाच्या भावाच्या कानाखाली वाजवली. वर जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. मल्हारनं जाळं नीट गुंडाळून ठेवलं आणि संध्याकाळच्या एसटीनं गेला. रत्नागिरीकडं मोठ्या बोटींवर लागलाय, असं कुणीतरी सांगितलं. त्याचा फोन बंद होता. म्हाताऱ्या वडलांना, आबांना, मारामारीचं कुणी बोललं नाही. पोरगं कामाला गेलं, एवढंच त्यांना माहीत.

सोमेशला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. चोर गेला, आता होडी होणार. त्यानं मागावरून रजा घेतली, चीर नव्यानं घासली, कडक उन्हात चांगली वाळवली आणि मॅटचे थर दिले. दुसऱ्या दिवशी नखानं टोकरून बघितलं. घट्ट. त्यानं शरणप्पाला फोनच लावला.

"खोट माणसात हुती," तो म्हणाला, "मालात न्हाय."

त्याच दुपारी तो जेवून काठावर आला, तर होडीशी आबा उभे. धोतर खोचून, धापा टाकत, बादलीनं होडीत पाणी ओतत होते. होडी निम्मी भरली होती.

"आबा! काय करताय?"

"फळ्या फुगू द्याव्या लागत्यात, लेकरा. तशीच सोडली तर फटीतनं पाणी घेतीया. माझ्या बाभळीच्या होडीत मी दर साली असंच पाणी भरून ठेवायचो. तुला काय ठावं, तू मागावरचा माणूस."

"फळ्या कुटं हायती हितं? फायबर हाय की ह्ये."

"मल्हारबी हेच म्हणायचा. लई भांडायचा माझ्याशी. मी भरलं की उपसून टाकायचा, फडक्यानं पुसत बसायचा." आबांनी बादली खाली ठेवली. "मी म्हणलं, एवढं वाटतंय तर सांग की दादाला. तर म्हणला, नको आबा. त्याला कळलं तर त्यो तुमच्यावर हात उचलंल."