बाबांना विचारून येते

"व्हिएन्ना की नेपल्स? आज काय ते ठरव, ताई. तो एजंट दुपारी दुकान बंद करतो."

मिर्तोने दोन्ही माहितीपत्रकं स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरली. एकावर पांढरेशुभ्र राजवाडे आणि कात्रीने कापल्यासारखी झाडं. दुसऱ्यावर एक अरुंद गल्ली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत वाळत घातलेले कपडे आणि खाली भांडणाऱ्या दोन बायका.

इव्हान्थियाने ओले हात पुसले आणि व्हिएन्नाचं पत्रक उचललं. "किती शांत वाटतं गं. रस्त्यावर कागदाचा कपटा नाही."

"मेलेल्यांचं गाव आहे ते. मी जाऊन आलेय ना! कॉफी ढवळताना चमचा वाजला तरी लोक वळून बघतात. तू आपली नेपल्सला जा. ओरड, हातवारे कर, भर रस्त्यात उभी राहून तळलेले मासे खा. जन्मभर हळू आवाजात बोलत आलीयेस."

इव्हान्थिया हसली. तेसुद्धा हळूच.

मिर्तो कालच जर्मनीतल्या श्टुटगार्टहून ग्रीसला, व्होलोसच्या घरी आली होती. या खेपेला तिने पक्कं ठरवलं होतं. आठवडाभर आपण बाबांजवळ थांबायचं आणि ताईला घराबाहेर काढायचं. ताई पन्नाशीला आली होती. बाबा, म्हणजे अर्गीरिस कप्तान, आयुष्यभर बेटांवर जाणाऱ्या बोटी हाकत आले. बोटीवर त्यांचा शब्द खाली पडत नसे आणि घरातही नसे. दिवे लागल्यावर मुलींनी उंबरा ओलांडायचा नाही. लारिसाच्या एका शिक्षकाने इव्हान्थियाला मागणी घातली, तर त्याला त्यांनी जिन्यावरूनच परत पाठवलं. पुढे आईने अंथरूण धरलं आणि तिचं करण्यात इव्हान्थियाची उमेदीची वर्षं गेली. आईनंतर आता बाबा. मिर्तो तेवढी निसटली होती, आणि तेच तिचं मन खात होतं.

भिंतीपलीकडून काठीचे ठोके आले.

"आले हं, बाबा!" इव्हान्थिया उठली. "त्यांना विचारूनच येते."

"विचारायचं काय त्यात? सांगून ये."

"तुला ठाऊक आहेत ना ते."

ती बोळातून मागच्या खोलीकडे गेली. थोड्या वेळाने परत आली आणि खुर्चीत टेकली.

"व्हिएन्ना नको म्हणतात. तिथली थंडी तुझ्या छातीला बाधेल, म्हणाले."

"जून महिन्यात?"

"आता मी काय बोलू?"

"बरं, मग नेपल्स. जा, विचार."

इव्हान्थिया पुन्हा आत गेली. या वेळी जरा लवकर आली.

"बाईमाणसाने एकटीने नेपल्सला? आधी पाकीट जाईल, मग अब्रू जाईल, म्हणतात."

मिर्तोने कपाळावर हात मारून घेतला. "हट्टी ते हट्टीच राहिले! थांब, मीच जाते आत."

"नको." इव्हान्थियाने तिचं मनगट धरलं. "आत्ताच गोळी दिलीय, डोळा लागत असेल. चिडले की मलाच निस्तरावं लागतं गं. तू काय, सुट्टी संपली की विमानात बसशील."

हे वर्मी लागलं. मिर्तोला काल रात्रीचं जेवण आठवलं. बाबा ताईच्या दंडाला धरून टेबलाशी आले, ताटात मान घालून सूप प्यायले आणि उठले. "कसे आहात, बाबा?" असं तिने विचारलं, तर उत्तर द्यायच्या आधी त्यांनी ताईकडे पाहिलं आणि मग उत्तर दिलंच नाही. इतकी राबते बिचारी, तरी हे डोळे तिच्यावरच रोखलेले, असं मिर्तोच्या मनात आलं होतं.

पुन्हा ठोके. या वेळी जोरात.

इव्हान्थियाने दोन्ही पत्रकं एकावर एक नीट रचली. "राहू दे, मिर्तो. माझ्या नशिबात ही एवढीच खिडकी. तू विचारलंस, त्यातच सगळं आलं."

मिर्तोच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात खालून शेजारच्या पोलिक्सेनीमावशींची हाक आली. "इव्हान्थिया! अगं, तुमच्या तळघरातून लोंढा वाहतोय! नळ फुटला वाटतं. ये लवकर, नाहीतर माझे कांदे पोहायला लागतील!"

इव्हान्थिया दारापर्यंत गेली आणि थबकली. "तू पण चल ना. बादल्या धरायला."

"ओव्हनमध्ये भरल्या मिरच्या आहेत, करपतील. तू हो पुढे."

इव्हान्थिया क्षणभर तशीच उभी राहिली. मावशींनी पुन्हा हाक मारली, तशी ती जिना उतरून गेली.

मिर्तोने ओव्हन बंद केला. बाबांसमोर ती आजवर कधी चढ्या आवाजात बोलली नव्हती. आज बोलणार होती. एका लेकीचा जन्म खाल्लात, आता आठवडाभर तरी सोडा तिला, असं तोंडावर सांगणार होती. वाक्यं मनात घोळवत ती बोळातून मागे गेली.

खोलीच्या दाराला बाहेरून कडी होती. म्हातारं माणूस, उठून कुठे पडायला नको म्हणून असेल, असं म्हणत तिने ती काढली.

बाबा पलंगाच्या कडेला बसले होते. अंगात जाड कोट, पायात बूट.

"बाबा," ती म्हणाली, "ताईला का अडवता? दोन्ही शहरांना नाही कशाला म्हणालात?"

ते तिच्याकडे बघतच नव्हते. तिच्यामागे उघड्या राहिलेल्या दाराकडे बघत होते.

"मला कुणी काही विचारलंच नाही, पोरी. ती आत येते, थोडा वेळ उभी राहते आणि जाते." भिंतीचा आधार घेत ते उठले. "मला कुठलंही शहर चालेल. ती वर यायच्या आत चल."