साडेतीनचा पूल

"ताप उतरला का मावशी तुझा?" फोनवर कर्टिसने पहिलं हेच विचारलं.

नोरीनच्या दुसऱ्या हातात डिझेलची नळी होती. बोटीची टाकी अजून अर्धीच भरली होती. "ताप? कुणाला आलाय ताप?"

पलीकडे भाचा गोंधळला. "काकाच म्हणाले ना सोमवारी. तुला ताप आहे, एवढा प्रवास झेपायचा नाही. पण आम्ही कुणीच मनाला लावून घेतलं नाही हं. काल सगळं नीट पार पडलं. चर्च गच्च भरलं होतं. आईला तिचा तो निळा ड्रेसच घातला."

नोरीनने नळीचा चाप सोडला.

"कर्टिस, पहिल्यापासून सांग."

त्याने सांगितलं. त्याची आई विनी रविवारी दुपारी खुर्चीत बसल्या बसल्याच गेली. सोमवारी सकाळी त्याने मावशीला फोन केला, तो काकांनी उचलला. तू काळजी करू नकोस, तिला मी सांगतो, म्हणाले. नोरीनने सगळं ऐकलं, नंतर बोलते म्हणाली, नळी जागेवर अडकवली आणि टाकीचं झाकण फिरवलं. ते दोनदा तिरकं बसलं. तिसऱ्यांदा तिने दोन्ही हात लावले.

धक्क्यावरून तिचा नवरा हॉलिस येत होता. एका हातात बर्फाची पिशवी, दुसऱ्यात उकडलेल्या शेंगांचा पुडा. मेरीलँडहून निघाल्याला सतरा दिवस झाले होते. कॅरोलिनाचं गवत आता तांबूस पडलं होतं आणि हॉलिसचं नाक उन्हाने सोललं होतं.

"झालं का भरून?" तो लांबूनच ओरडला. "चल, चल. साडेतीनचा पूल गाठायचाय. तासाला एकदाच उघडतो, चुकला की गेला तास."

"विनी गेली," नोरीन म्हणाली.

तो थबकला. चेहऱ्यावर काय आणावं हे त्याला पटकन सुचलं नाही. त्याने पिशवी खाली ठेवली.

"मी सांगणारच होतो."

"कधी?"

"चार्ल्स्टनला पोचल्यावर. निवांत."

"बुधवारी मी तिला कार्ड लिहिलं. पेलिकनचं. तू शेजारी बसला होतास. तिकीट तू चिकटवलंस, हॉलिस. पेटीत टाकायलाही तूच गेलास."

"मग काय करायचं होतं मी? तुझ्या हातातून ओढून घ्यायचं?"

"हो! ओढून घ्यायचं! फाडायचं!"

"हळू बोल. लोक बघतायत."

"बघू देत की. त्यांनाही कळू दे, मला ताप आहे ते."

शेजारच्या बोटीवरचं जोडपं हातातले पेले तसेच धरून बसलं होतं. हॉलिसने आवाज खाली आणला.

"उत्तरेचा वारा सुटणार होता. थांबलो असतो तर तीन दिवस वाटेतल्या दलदलीत अडकून पडलो असतो. आणि तू जाऊन काय होणार होतं, नोरीन? ती उठून बसणार होती?"

"मला एकच बहीण होती."

"माहितीये मला."

"माहिती होतं आणि तरीही."

तो शेंगांच्या पुड्याचं तोंड दुमडत राहिला. मग एकदम म्हणाला, "गेली असतीस तर परत आली असतीस? खरं सांग. पहिल्या दिवसापासून तुला हा प्रवास नकोच होता. बारा मीटरची बोट मी एकट्याने कशी न्यायची होती?"

नोरीनने त्याच्याकडे पाहिलं. "बोट," एवढंच ती म्हणाली.

ती गप्प झाली तसं त्याला वाटलं, निभावलं. त्याने बर्फ आत नेला, चाकापाशी जाऊन इंजिन सुरू केलं. "कर्टिसशी मी बोलतो. फुलं पाठवू, मोठी पाठवू. दोर सोड, वेळ झाली."

नोरीन वाकली. पुढचा दोर सोडला, गुंडाळून डेकवर टाकला. मधला सोडला, टाकला. मागचाही. मग दोन्ही तळवे कठड्याला लावून, होता नव्हता तेवढा जोर काढून तिने बोट ढकलली. ओहोटीच्या ओढीने बोटीचं पुढचं टोक लगेच बाहेर वळलं.

"ये, ये! उडी मार!"

ती धक्क्यावरच उभी राहिली. दोन हात पाणी. चार हात.

"नोरीन! उडी मार लवकर! अगं ए!"

बोटीतल्या वायरलेसवर पुलावरचा माणूस बोलला, "दक्षिणेकडची बोट, पूल उघडतोय, या पुढे." मागून येणाऱ्या बोटीने भोंगा वाजवला. हॉलिसने मागे पाहिलं, पुढे पाहिलं. पाणी बोटीला पुलाकडेच खेचत होतं आणि चाक सोडून चालणार नव्हतं.

"तुझी पर्स!" तो ओरडला. "तुझी पर्स इथं राहिलीये!"

नोरीन लाकडी पायऱ्या चढून रस्त्यावर आली. पुलाचं फाटक पडलं होतं, घंटा वाजत होती, मोटारींची रांग लागली होती. पहिल्या गाडीत नर्सच्या पोशाखातली एक बाई इंजिन बंद करून सफरचंद खात होती. नोरीनने काचेवर बोट वाजवलं.

"पलीकडे गावात सोडाल का मला? बसच्या थांब्यापर्यंत."

बाईने तिच्या ओल्या बुटांकडे पाहिलं. डिझेलचा वास तिच्यापर्यंत पोचला असणार. तिने बाजूच्या सीटवरची पिशवी उचलून मागे टाकली.

"बसा. कुठं निघालात?"

समोर रस्त्याचा तुकडा सावकाश आभाळात उचलला जात होता. नोरीनने पट्टा लावला.

"बहिणीकडे," ती म्हणाली.