कागदावरचं वय

"अठ्ठावन्न!" कारकून रॉड्रिकने खलाशांच्या यादीवर बोट ठेवलं. "ही सही तुमचीच ना, इदवालकाका? मग सत्तर कुठून आणू मी?"

इदवाल ओशाळला. गेली वीस वर्षं तो 'सेरेन' गलबतावर आचारी होता. पन्नाशी गाठलेल्याला कप्तान जहाजावर घेईनात, म्हणून तेव्हा त्याने बारा वर्षं गिळून टाकली होती आणि ढेकरही दिला नव्हता. पोर्थ ग्वीन बंदरात असं कोण करत नव्हतं?

पण यंदा सरकारने नवंच काढलं होतं. वय वर्षं सत्तर असलं की आठवड्याला पाच शिलिंग पेन्शन, घरबसल्या! 'सेरेन' पंधरा दिवसांत निघणार होतं आणि इदवालचे गुडघे रडकुंडीला आले होते. हा हिवाळा त्याला समुद्रावर हिंदकळत काढायचा नव्हता. स्वतःच्या घरात, स्वतःच्या चुलीपाशी पाय शेकत काढायचा होता.

"जन्माचा दाखला?"

"आमच्या वेळी कोण दाखले काढत बसलंय! माझ्या पहिल्या जहाजाची यादी शोध ना. पोरगा होतो तेव्हा, खोटं बोलायची अक्कल नव्हती."

"ती माळ्यावर. उंदरांनी ठेवली असेल तर."

"शोध रे बाबा. आणि मार्गेडच्या कानावर जाता कामा नये हं."

मार्गेड त्याची बायको, एका लोहाराची विधवा. लग्नाआधी तिने तोंडावर सांगितलं होतं, "म्हातारा नवरा नको. एकाला पोचवून आलेय, तेवढं पुरे." ती सदतिसाची, मग इदवाल झाला अडतिसाचा. कप्तानाला सांगितलेलंच तिलाही सांगितलं, एका दगडात दोन पक्षी. त्याला ती फार आवडली होती, दुसरं काय?

तो लंगडत घरी आला तेव्हा ती मटण ढवळत होती. या वर्षी दर शुक्रवारी मटण शिजत होतं. "कोंबड्या बरी अंडी घालतायत. शुक्रवारच्या बाजारात हातोहात जातात," ती म्हणायची.

"पाय काय ओढतोयस? एवढा घोडा झालास आणि चाल बघा!" ती म्हणाली. "माझ्यासारखं तुरुतुरु चाल की."

"तू लहान आहेस ना माझ्याहून," इदवाल म्हणाला.

"ते तर आहेच," मार्गेड म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला.

पाचव्या दिवशी रॉड्रिक धुळीने माखून खाली उतरला. "सापडली! 'ब्रायथन', साल अठराशे एकावन्न. इदवाल, आचाऱ्याच्या हाताखालचा पोरगा, वय बारा. आता एकोणीसशे नऊ, झाले की सत्तर!"

इदवालला त्याचा मुका घ्यावासा वाटला. अर्ज गेला, मंजूरही झाला. 'सेरेन' त्याच्यावाचून निघून गेलं. "कप्तानाला तरणा आचारी मिळाला," असं त्याने घरी सांगितलं. मार्गेड चक्क खूश झाली. "बरं झालं मेलं. कोंबड्या आपल्याला पोसतील," ती म्हणाली. इदवालला भरून आलं. या बाईला आपण वीस वर्षं फसवलं, असं मनात आलं. पण आता सांगायचं म्हणजे हातची बायको घालवायची.

पेन्शनचं पुस्तक आलं, तरी गावच्या पोस्टात जायची सोय नव्हती. सकाळी पैसे घेतले की दुपारी बातमी घरात. म्हणून त्याने डोंगरापलीकडचं लानवेडरचं पोस्ट लावून घेतलं. तिथे त्याला ओळखणारं काळं कुत्रं नव्हतं.

पहिल्या शुक्रवारी तो वाटेत चार ठिकाणी बसत तिथे पोचला. तरी टोपी नाकापर्यंत ओढून घेतली आणि रांगेत शेवटी उभा राहिला. पुढे सगळी म्हातारीकोतारी. इदवाल मान खाली घालून स्वतःशीच हसत होता. निभावलं म्हणायचं!

खिडकीशी ठप्कन शिक्का पडला. पोस्टमास्तर मोठ्याने म्हणाला, "बहात्तराव्या वर्षी दर शुक्रवारी तो डोंगर चढून येता, कमाल आहे तुमची, मार्गेडआजी!"