हिरवी रेघ

चर्रर्र करून चिकटपट्टी ओढल्याचा आवाज आला आणि सकाळपासून गप्प असलेलं घर दचकलं. हॉलमध्ये शार्दूल खोकी बंद करत होता. थोड्या वेळात टेंपो येणार होता, त्याचं एकट्याचं सामान पुण्याला न्यायला. जेवणाच्या टेबलाशी विद्याश्री नववीचे गणिताचे पेपर तपासत होती. उद्या शाळेत द्यायचे होते हे खरंच, पण आज हात कशात तरी गुंतलेले बरे, हेही तितकंच खरं होतं.

शेजारच्या खुर्चीवर गुडघे टेकून स्वानंदी बसली होती. दुसरीत होती ती. आई पेपर तपासायला बसली की पट्टी धरायचं काम तिचं. आजही ती पट्टी घेऊन हजर.

"हा कोणाचा?"

"पवनकुमारचा."

"चुकला?"

"बघू या कुठपर्यंत आलाय."

दुसऱ्या ओळीपर्यंत पवनकुमार झकास आला होता. तिसऱ्या ओळीत त्यानं वजा तीन उचलून बरोबरच्या चिन्हापलीकडे नेले, आणि वजाच ठेवले. तिथून पुढं सुबक अक्षरात, पानभर, सगळं चूक. स्वानंदीनं दुसऱ्या ओळीखाली पट्टी धरली. विद्याश्रीनं हिरव्या पेननं रेघ मारली आणि बाजूला कानडीत लिहिलं, 'इल्लिवरेगू सरी.' इथपर्यंत बरोबर. चुकलेल्या भागाला ती हातही लावत नसे. तेवढंच परत सोडवून आणायचं, वरचं पुन्हा लिहायचं नाही, हा तिच्या वर्गाचा नियम. पोरं पाठीमागं तिला 'सरी मिस' म्हणायची.

"उत्तर चूक तर शून्य द्या आणि मोकळ्या व्हा हो," असं हेडमिस्ट्रेस म्हणत. विद्याश्री नुसती हसायची. लाल पेन तिच्या पर्समध्ये कधी नव्हतंच.

हे तिला बी.एड.ला कोणी शिकवलं नव्हतं. पुण्यातल्या नव्हे, इथल्या शिवाजीनगरला तिच्या वडिलांचं, अप्पांचं, शिंप्याचं दुकान होतं. पाचवी-सहावीत असताना तिनं हौसेनं मशीनवर परकर शिवायला घेतला, शिवण वाकडी गेली, तशी रागारागानं ती सगळंच टराटरा उसवायला लागली. अप्पांनी हात धरला होता. "सगळं कशाला उसवतेस ग? वाकडं कुठनं गेलं ते बघ. तिथपर्यंतच उसव. आधीचं चांगलं आहे की."

शार्दूल दारात येऊन उभा राहिला.

"विद्या, माझी निळी बॅग?"

"माळ्यावर. ही खुर्ची घे चढायला. स्वानंदी, स्वल्प सरक ग."

पूर्वी तिच्या तोंडून 'थोडं'ऐवजी कानडी 'स्वल्प' निघालं की तो हसायचा. 'या स्वल्पनंच फसलो मी,' असं पुण्याच्या मित्रांना सांगायचा, तिच्यासमोर, तिच्या खांद्यावर हात टाकून. आज त्यानं खुर्ची उचलली आणि "थँक्स" म्हणाला. लिफ्टचं दार धरून ठेवणाऱ्या परक्या माणसाला म्हणतात, तसं.

शुक्रवारी दोघांनी स्वानंदीला मध्ये बसवून सांगितलं होतं. आईबाबांचं आता जमत नाही, बाबा पुण्याला राहील, सुट्टीत तू तिकडं जायचं. ती रडली नव्हती. "सरी," म्हणाली होती आणि खेळायला खाली गेली होती. तेव्हापासून विद्याश्रीच्या जिवाला घोर लागला होता. रडली असती तर जवळ तरी घेता आलं असतं.

माळ्यावरून बॅग निघाली. खुर्ची जागेवर आली. हॉलमध्ये पुन्हा चिकटपट्टी ओढली जाऊ लागली. विद्याश्रीनं पुढचा पेपर घेतला, पण त्यावर पट्टी आली नाही. स्वानंदी हॉलकडं बघत होती.

"आई."

"हं."

"तुझं आणि बाबाचं कुठपर्यंत सरी होतं?"

हॉलमधला आवाज अर्ध्यात थांबला.

विद्याश्री एकेक ओळ मागं जायला लागली. अप्पा अंथरुणाला खिळले आणि ती पुण्याला यायला नाही म्हणाली, तिथं? पण अप्पांना टाकून कशी जाणार होती? मग त्यानं रात्रीच्या मीटिंगा घेतल्या, तिथं? त्याशिवाय हेब्बाळच्या या घराचे हप्ते कसे फिटले असते? त्याच्याही मागं गेली, दोघं पहिल्यांदा एकत्र बसले त्या तळ्याकाठच्या संध्याकाळपर्यंत. जिथं थांबावं तिथली ओळ बरोबरच दिसत होती. तिनं हिरव्या पेनचं टोपण काढलं. परत लावलं.

गेटवरून इंटरकॉम वाजला. वाजत राहिला. दोघांपैकी कोणीच उठलं नाही.

स्वानंदीनं पेपर बाजूला सारले. टेबलाच्या मोकळ्या जागेवर पट्टी आडवी ठेवली आणि हलू नये म्हणून दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरली.

"सांग ना, आई. तिथनं पुढचं तेवढंच परत करायचं ना?"